दहा सेंटचं काळं तिकीट

तिकिटाच्या खालच्या कडेला छपाईबाहेरचा कोरा कागद डाव्या टोकाला आठ दशांश मिलिमीटर होता आणि उजव्या टोकाला दीड. म्हणजे कापणाऱ्याची कात्री उजवीकडे जाताना खाली घसरली होती. १८४७ सालच्या अमेरिकन तिकिटांना दाते नसत. पोस्टातला माणूस किंवा गिऱ्हाईक मोठ्या तावातून कात्रीनं तिकीट कापून घेई, आणि दोन माणसांचा हात कधी सारखा चालत नाही. उजव्या कोपऱ्यापासून तीन मिलिमीटरवर कात्री थांबून पुन्हा सुरू झाल्याची एक बारीक पायरी होती.

ती पायरी मी आधी पाहिली होती.

गुरुवार होता. जुरोंग ईस्टच्या प्रयोगशाळेतलं काम आटपून मी पाया लेबारला निशिकांतकाकांच्या लिलावघरात आले होते. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतली, आणि जहाजांच्या रंगांचं रासायनिक परीक्षण हा माझा व्यवसाय झाला. काका बोटीवर चीफ इंजिनियर होते, मग किनाऱ्यावर आले, आणि त्या काळात गंजलेल्या पत्र्यांवरचे रंगाचे पापुद्रे पाकिटात घालून आमच्याकडे तपासायला आणत. एकदा चुकून दुसरंच पाकीट माझ्या टेबलावर राहिलं. त्यात फ्रँकलिनचं पाच सेंटचं तिकीट होतं. मी ते परत देताना म्हणाले, की ह्याचा तपकिरी रंग एकसारखा नाही, शाईत लोखंड असावं. काका खुर्ची ओढून बसले आणि दोन तास उठले नाहीत. तिकिटं कशी पाहायची हे मला त्यांनी शिकवलं. त्यांनी बंदर सोडून लिलावघर काढलं, तेव्हा जुन्या अमेरिकन तिकिटांची परीक्षक म्हणून मलाच बसवलं. त्याला नऊ वर्षं झाली.

मी समोरच्या मीनलला विचारलं, "हे एकसष्ट नंबरचं माझ्याकडे कधी आलं होतं?"

मीनल लिलावाच्या याद्या करते. पूर्वी बँकेत होती. प्रत्येक कागदाची तीन वेळा प्रत काढायची तिची सवय अजून गेलेली नाही. स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "तूच तर तपासलंस की. काका म्हणाले, तू घरी येऊन पाहून गेलीस. प्रमाणपत्र छापूनही आलं. बघ ना, तुझीच सही."

सही माझीच होती. मीनलकडे माझ्या सहीची प्रत असते. मी कळवल्यावर ती उमटवायची, असं आमचं ठरलेलं. वर लिहिलं होतं: वॉशिंग्टन, दहा सेंट, काळं, न वापरलेलं, डिंक नाही, अस्सल.

"का गं? काही आहे का?" तिनं आता मान वर केली. "यादीच्या मुखपृष्ठावर आहे हां ते. आता काही काढू नकोस, बाई. छापखान्यानं आधीच माझा जीव खाल्लाय."

"एकदा दिव्याखाली बघते," मी म्हणाले.

आतल्या खोलीत जाऊन मी पडदा ओढला आणि पिशवीतून वही काढली. माझ्या भिंगाखालून गेलेल्या प्रत्येक तिकिटाची आठ मापं मी लिहून ठेवते. चार बाजू, प्रत्येकीची दोन टोकं. असं करायला मला कुणी सांगितलेलं नाही. काका चारचौघांत त्यावरून चिडवतात, "शिंप्याकडे गिऱ्हाइकांची मापं असतात, तशी हिच्याकडे तिकिटांची." दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीचं पान काढलं. आठही आकडे जुळले. शेवटी मी लिहिलं होतं: 'खालच्या कडेला पायरी. पेनच्या दोन रेघा, गळ्यापाशी फुली. काकांची पंचाहत्तरी.'

ते तिकीट मी काकांना दिलं होतं. त्यांच्याकडून शिकल्यावर, त्यांना न विचारता, फक्त माझ्या नजरेच्या भरवशावर घेतलेलं ते माझं पहिलं तिकीट. त्या काळी अनेक गावांत शिक्का नसे. पोस्टातला माणूस पेननं दोन रेघा मारून तिकीट रद्द करी. अशा तिकिटाला फार किंमत येत नाही. तेच तिकीट कोरं असेल, तर वीसपट. काकांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "हे विकायचं नाही. हे माझ्याबरोबर वर येणार."

अतिनील दिवा लावला. वॉशिंग्टनच्या गळ्यातल्या पांढऱ्या रुमालावर, साध्या उजेडात जिथं काहीच नव्हतं तिथं, दोन धूसर पट्टे एकमेकांना छेदून गेले होते. शाईतलं लोखंड धुऊन काढलं, तरी शाईनं खाल्लेला कागद तसाच राहतो. भोवतालची कागदाची निळसर छटाही किंचित उतरली होती.

हे कुणीही केलेलं असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. काकांनी ते कुणाला दिलं असेल, त्यानं धुतलं असेल, आणि ते फिरून परत आलं असेल. चिमट्यानं मी तिकीट उलटं केलं.

मागच्या बाजूला एक जाळी चमकत होती. अगदी फिकट निळी, आडव्या-उभ्या धाग्यांची. ओलं तिकीट कापडात दाबून सुकवलं होतं, आणि धुण्याच्या पावडरीतलं पांढरेपणा आणणारं द्रव्य कापडातून कागदात उतरलं होतं. तिकिटं टिपायला सगळे टीपकागद वापरतात. काका वापरत नाहीत. टीपकागद तिकिटाचं अंग ओरबाडतो, असं ते म्हणतात. शैलाकाकूंच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोनी तुकडे करून, धुऊन, इस्त्री करून ते ठेवतात. डझनभर तुकडे त्यांनी मलाही दिले होते. माझ्या खणात होते.

एक तुकडा दिव्याखाली धरला. बारीक चौकडीची साडी होती. दर बाराव्या धाग्याला एक जोडधागा. तिकिटावर मोजलं. बारा, जोड. बारा, जोड. तीन वेळा मोजलं, कारण तिसऱ्या वेळी तरी अकरा यावेत असं मला वाटत होतं.

बाहेर आले तेव्हा मीनलनं विचारलं, "झालं का समाधान?"

"मोजून झालं," मी म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी मी बुकित बातोकला काकांच्या घरी गेले. दार शैलाकाकूंनी उघडलं.

"ये गं. बरी वेळेवर आलीस, दडपे पोहे कालवतेय. हे खाली लायब्ररीत गेलेत, येतील एवढ्यात." मी चपला काढते न काढते तोच त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या, कपडे वाळत घालायच्या बांबूकडे बोट केलं. "ते बघ. अजून एक साडी फाडली ह्यांनी. मी म्हटलं, मेली ती अमेरिका, एवढी श्रीमंत, आणि तोंड पुसायला माझ्या साड्या लागतात तिला."

बांबूवर सहा चौकोनी तुकडे वाळत होते.

मी ओट्यापाशी उभी राहिले. काकू नारळ खवत बोलत होत्या. "आणि माझी काचेची वाटी घेतली ती वेगळीच. गेल्या महिन्यात चार दिवस फ्रिजमागं ठेवली होती, हात लावू नको म्हणे. तिकीट भिजत घातलंय. आता दे म्हटलं, तर धुऊन दिली. बघ, कशी लख्ख आहे."

ती वाटी ओट्यावर होती. तिच्यात काकूंनी लिंबं कापून ठेवली होती.

"काकू," मी म्हणाले, "ह्या वाटीत काही खायचं ठेवू नका. टाकून द्या ती."

"अगं, चांगली आहे की."

"त्यात आम्ल होतं. ऑक्झॅलिक. पोटात जाणं चांगलं नाही."

काकूंनी लिंबं कचऱ्यात टाकली आणि वाटी वर्तमानपत्रात गुंडाळली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं, त्यात काय होतं ते?"

तेवढ्यात दार वाजलं. काका आले होते. "ओहो, परीक्षक बाई! उद्या लिलाव आणि आज जेवायला? लाच खाणार वाटतं." हसत हसत त्यांनी पुस्तकांची पिशवी खाली ठेवली आणि मला त्यांच्या टेबलाच्या खोलीत नेलं.

टेबलावरच्या काचेखाली एक कागद होता. निळ्या पेनातलं माझं अक्षर. प्रमाण, तापमान, मिनिटं, किती वेळा धुवायचं, ते सगळं. तीन-चार वर्षांपूर्वी ह्याच खोलीत काकांनी विचारलं होतं, "समजा, असली जुनी शाई कुणाला काढायची असेल, तर तो कशी काढेल? आपल्याला माहीत असलं तर पकडता येईल." मी तिथंच बसून लिहून दिलं होतं. वर मथळाही दिला होता: 'लबाडी ओळखण्यासाठी'. तो मथळा कात्रीनं कापून टाकलेला होता.

"काका, एकसष्ट नंबर," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला. "पाहिलंस तर."

"माझी मापं आहेत वहीत."

"माहीत आहे मला. मीच चिडवतो ना तुला."

"मग मीनलला का सांगितलंत, की मी तपासलं?"

"तुझा वेळ वाचावा म्हणून."

त्यांनी चष्मा परत घातला, आणि त्यांचा आवाज बदलला. बोटीवरच्या पोरांना समजावताना वापरत असतील तसा झाला. "हे बघ अनघा. मी नकली काही छापलेलं नाही. तिकीट तेच आहे. कुठल्यातरी खेड्यातल्या एका कारकुनानं घाईत दोन रेघा ओढल्या, त्या मी काढल्या. एवढंच. गंज काढून बोट रंगवतात, तेव्हा ती बोट नकली होते का?"

"खरवडून रंगवलेली बोट नवी म्हणून विकत नाहीत."

"वा! आता तू मला बोटी शिकव." ते हसले, पण थोडंच. "पंचवीस लिलाव केले मी. एकदाही मुखपृष्ठावर माझं स्वतःचं काही गेलं नाही. दुसऱ्यांचे संग्रह, दुसऱ्यांची नावं. हा शेवटचा. पुढच्या महिन्यात मी कुलूप लावतोय. एकदा माझं एक चांगलं तिकीट असावं, असं वाटलं मला. ह्यात एवढं काय आहे?"

"ते मी दिलं होतं तुम्हाला."

"म्हणूनच तर," ते म्हणाले. "आपल्यातलं होतं. परक्याचं असतं तर हात लावला नसता."

बाहेर काकू ताटल्या मांडत होत्या. मी विचारलं, "मी ओळखणार हे माहीत होतं, तर मी काय करेन असं वाटलं तुम्हाला?"

त्यांनी थोडाही विचार केला नाही. उत्तर तयारच होतं. "तू बोलणार नाहीस. चोवीस सेंटच्या वेळी बोललीस का?"

मी पोहे खाल्ले. कसे झालेत असं काकूंनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा छान म्हणाले. खाली येऊन बसथांब्यावर बसले आणि तीन बस जाऊ दिल्या.

चोवीस सेंटचं तिकीट १८६९ सालचं, हिरव्या-जांभळ्या छपाईचं. तीन वर्षांपूर्वी आलं होतं. मागचा डिंक मूळचा नव्हता. कुणीतरी नंतर लावला होता, आणि दात्यांच्या टोकांवर तो ओघळून घट्ट झालेला मला भिंगातून दिसला होता. मी अहवालाच्या मसुद्यात तसं लिहिलं. काका म्हणाले, "एवढं कडक कशाला? 'डिंकाबद्दल मत नाही' असं लिहू. खोटंही नाही ते." माझं मत होतं, मी मत नाही असं लिहिलं. तिकीट मिस्टर गो यांनी घेतलं. ते शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावर अमेरिकेच्या पहिल्या पंचवीस वर्षांच्या तिकिटांचा एक अल्बम पुरा करतायत. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याशी हात मिळवला होता. त्यानंतर प्रत्येक लिलावात ते दिसले, की त्यांना सांगायचं एक वाक्य माझ्या मनात तयार होई. शब्द, क्रम, सगळं. मग ते अल्बमचं नवं पान दाखवायला लागत आणि मी पान पाहत राही.

काकांनी ते तीन वर्षं पाहिलं होतं. माझं गप्प राहणं त्यांनी मापून ठेवलं होतं, मी तिकिटं मापते तसं.

शनिवारी सकाळी लिलावघरात चाळीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. मी नेहमीच्या जागी, भिंतीपाशी, दिव्याच्या टेबलामागे बसले. आमच्याकडे एक रीत पडून गेली आहे. अमेरिकन तिकिटावर बोली सुरू करण्याआधी काका व्यासपीठावरून माझ्याकडे पाहून मराठीत विचारतात, "अनघा, ठीक?" मी मान हलवते. मगच पहिली बोली. इथल्या नेहमीच्या मंडळींना, चिनी असोत, तमिळ असोत, हा एक मराठी शब्द येतो. कुणी घासाघीस करायला लागलं, की मागून कुणीतरी "ठीक? ठीक?" करतं आणि सगळे हसतात. नऊ वर्षांत लिलाव चालू असताना मी तोंड उघडलेलं नाही. गरज पडली नाही, असं मी समजत होते.

मिस्टर गो माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी अल्बम उघडला. १८४७चं पान, पाच सेंटचं तिकीट जागेवर, शेजारी पेन्सिलीनं आखलेला रिकामा चौकोन. "डॉक्टर, मला भिंगातलं फारसं दिसत नाही आता," ते म्हणाले. "तुम्ही मान हलवलीत, की मी हात वर करणार. माझं एवढंच तंत्र आहे."

त्याच वेळी सांगता आलं असतं. काका पलीकडून पाहत होते. त्यांनी हात वर करून मला हाय केलं, जसं काही झालंच नव्हतं.

मी पान पाहिलं. चौकोनाच्या रेघा फार सरळ होत्या. मी म्हणाले, "पट्टी वापरता?"

"शिक्षक ना," ते म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

लॉट एक्कावन्न, बावन्न. तीन सेंटचं लाल. काकांनी विचारलं, "ठीक?" ते मी तपासलेलं होतं, मान हलवली. छप्पन्न. ठीक. साठ. प्रत्येक मानेसरशी मला कळत होतं, की समोरची माणसं माझा अहवाल वाचत नाहीत. ती माझी मान बघतात. मीनल शेजारी आकडे टिपत होती. हळूच म्हणाली, "पाणी पी थोडं. तोंड बघ तुझं."

"लॉट एकसष्ट," काका म्हणाले.

पडद्यावर तिकीट आलं, दारासारखं मोठं. कोरं, स्वच्छ, खालच्या कडेला कात्रीची पायरी. कुणीतरी बारीक शीळ घातली. काकांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो खरा होता. तो पाहणं मला सर्वांत कठीण गेलं. मग त्यांनी माझ्याकडे वळून, प्रेमानं, नेहमीच्याच स्वरात विचारलं,

"अनघा, ठीक?"

मिस्टर गो खुर्चीत मागे वळले. त्यांचा हात मांडीवरून अर्धा उचललेला होता.

मी उभी राहिले. मीनलचं पेन थांबलं.

"नाही," मी म्हणाले.

मागून कुणी हसलं. चेष्टा आहे असं त्याला वाटलं. मग मी सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलले, सावकाश. "ह्या तिकिटावर पेनच्या दोन रेघा होत्या. त्या आम्लानं धुऊन काढल्या आहेत. प्रमाणपत्रावर सही माझी आहे, पण हे प्रमाणपत्र मी दिलेलं नाही."

"अनघा," काका मराठीत म्हणाले, मघापेक्षा अगदी हळू, "खाली बस. आपण घरी बोलू."

"घरी बोललो, काका."

त्यांनी हातातला हातोडा मेजावर ठेवला; आपटला नाही, नुसता ठेवला. मी दोन्ही हात टेबलावर टेकवले. आता बसता आलं असतं. एवढ्यावर थांबले असते, तर दोष फक्त त्यांचा राहिला असता.

"मिस्टर गो," मी म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी तुम्ही इथून चोवीस सेंटचं तिकीट घेतलंत. त्याचा डिंक मूळचा नाही, नंतर लावलेला आहे. मला ते त्याच दिवशी दिसलं होतं, आणि मी लिहिलं नाही. आता लिहून देते. ह्या लिलावघरासाठी आजवर सही केलेली माझी सगळी प्रमाणपत्रं मी परत मागवते आहे, सुरुवात तुमच्यापासून."